आधी माझा फायदा सांगते

शांताक्का कॅमेऱ्यासमोर बसल्या की आधी पदर खांद्यावरून नीट घ्यायच्या, कपाळावरची विभूती पुसली तर नाही ना हे स्टीलच्या ताटात बघायच्या आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. पहिलं बोलणं ठरलेलं असायचं. "ऐका. आधी माझा फायदा सांगते, मंग वस्तूचा सांगते. खाली जी लिंक हाय तिच्यावरून तुमी घेतलंत तर मला कमिशन भेटतंय. तुमाला त्याचं जास्त पडत न्हाई, पण मला भेटतंय. हे ध्यानात ठिवून पुढं बगा."

आमच्या कुठल्याही व्हिडिओत हे बोलणं चुकलं नाही. फक्त एकदा चुकलं, आणि ते त्यांनी नव्हे, मी चुकवलं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय शांताक्का कोण होत्या हे कळायचं नाही.

मी मूळची नांदेडची. लातूरच्या एका क्लासमध्ये मास्तरांच्या तासांचे व्हिडिओ काढायचं आणि कापून-जोडून नीट करायचं काम मला मिळालं, तेव्हा मी शांताक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली. पहिल्या दिवशी बॅग घेऊन जिना चढत होते, तर त्यांनी मला थांबवलं, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, उलटी केली आणि बोटाच्या पेराने बुडावर टकटक केलं.

"केवढ्याला घेतलीस?"

मी सांगितलं.

"फसलीस. बूड पातळ हाय. सहा महिन्यांत पोचा पडंल." बाटली परत देऊन त्या म्हणाल्या, "वर पाणी गरम हाय बघ, आंघूळ करून खाली जेवायला ये."

बाटलीला पाचव्या महिन्यातच पोचा पडला.

त्या उदगीरच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याचं भांड्यांचं दुकान त्यांनी हातात घेतलं आणि मुलगी बिदरला सासरी जाईपर्यंत एकटीने चालवलं. शेवटी ते बंद करून त्या लातूरला आल्या. दुकान का बंद केलं, असं विचारलं की त्या चिडत नसत. "गिऱ्हाईक यायचं, पातेलं वाजवून बगायचं, त्याचा फोटू काढायचं अन् घरी जाऊन मोबाइलवरून मागवायचं. मी दुकानदार ऱ्हायलेच न्हाई, नुसतं बगायचं ठिकाण झाले."

एका रविवारी सकाळी त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. हातात चहाचे दोन कप होते. बसायच्या आधीच म्हणाल्या, "अर्चना, ज्या मोबाइलनं माझं गिऱ्हाईक नेलं, त्याच मोबाइलमधी दुकान टाकता येतंय का?"

मला अजून आठवतं, माझ्या अंगावर काटा आला होता. मी दिवसभर मास्तरांचे खोकले कापायचे. आणि इथे माझ्यासमोर भांडं नुसतं वाजवून त्याचं आयुष्य सांगणारी बाई बसली होती. मी चहा तसाच ठेवला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. माल विकत घेऊन ठेवायला नको. आपण वस्तू वापरून दाखवायची, खाली विक्रीच्या साइटची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली की आपल्याला कमिशन.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बगणाऱ्याला हे म्हाईत असतंय का?"

"काय?"

"की आपल्याला कमिशन भेटतंय."

मी म्हणाले, नियम तसा आहे. जाहिरात असेल, कमिशन असेल, वस्तू फुकट मिळाली असेल, तरी ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं. ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत, आणि लपवून ठेवल्यासारखं नको. "पण अक्का, बरेच लोक खाली कुठेतरी बारीक अक्षरात इंग्रजीत टाकून मोकळे होतात. कुणी वाचत नाही."

"कुनी वाचत न्हाई तर मंग टाकतात कामून?"

मी गार झालेला चहा उचलला. त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघ. उदगीरच्या दुकानात मी गल्ल्यामागं बसायचे. ही बाई विकून राहिली, हिच्या बोलण्यातलं चार आणे सोडून द्यावं, हे आंधळ्यालाबी कळायचं. मोबाइलमधी गल्ला दिसत न्हाई. बगणारीला वाटंल, ही आपली मावशीच बोलून राहिली. मंग गल्ला कुठं हाय ते आपणच दाखवाया पाहिजे, न्हाई का?"

नियमाची पानंच्या पानं मी नंतर वाचली. त्यांत या चार वाक्यांपलीकडचं फारसं काही मला सापडलं नाही.

आम्ही सुरुवात केली ती एका लोखंडी तव्यापासून. अक्कांनी त्यावर सलग तीन दिवस भाकरी भाजली, एकदा मुद्दाम रिकामा तापवून त्यावर पाणी ओतलं, आणि तवा वाकला नाही हे डोळ्यासमोर धरून दाखवलं. मिक्सरची परीक्षा शेंगदाण्याच्या चटणीवर आणि काळ्या तिखटावर व्हायची. "फळांचा रस काय, कुनीबी काढंल. वाळलेल्या मिरचीला हात घालून दावा म्हणावं." एकदा एका मिक्सरचा वास यायला लागला, तर त्यांनी मोटारीवर हात ठेवून कॅमेऱ्याला सांगितलं, "ही तापली. माझं कमिशन गेलं. घेऊ नका."

मी हसू आवरत कॅमेरा धरला होता. तो व्हिडिओ दोन दिवसांत लाखाच्या पुढे गेला. मी क्लासमध्ये बसून दर पाच मिनिटांनी आकडा बघत होते आणि अक्कांना फोन करत होते. त्या म्हणायच्या, "बरं, बरं. डाळ करपंल, ठिव." पण संध्याकाळी घरी गेले तर त्या दारातच उभ्या होत्या, "आता किती झालं?"

लातूरमधल्या एका दुकानदाराने त्यांना गॅसची शेगडी भेट पाठवली. मी म्हणाले, भेट आहे, हिच्यावर कमिशन नाही, मग तुमचं ते कमिशनचं बोलणं या वेळी कसं म्हणायचं? अक्का म्हणाल्या, "फुकट आलेलीबी पगारच की." आणि व्हिडिओत त्यांनी सांगितलं, "ही शेगडी मला फुकट आली, म्हणजे हा माझा पगारच. फुकटच्या शेगडीवरचं उडदाचं घुटं जरा जास्तच चवदार लागतंय. हे लक्षात ठिवून माझं ऐका." लोकांनी ते वाक्य इतकं उचललं की नांदेडच्या बसस्टँडवर एका बाईने त्यांना ओळखलं आणि नमस्कार करायच्या आधीच विचारलं, "अक्का, शेगडीचा पगार चालू हाय का अजून?" अक्का इतक्या खुश झाल्या की त्या बाईबरोबर उसाचा रस प्यायच्या नादात आमची गाडी चुकली.

मी त्यांना सांगितलं होतं, लाइव्ह असलं की माणसं मधेच येतात, त्यामुळे सुरुवातीचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत नाही. त्यांनी पाटी आणली. खडूने लिहिलं, "मला कमिशन मिळतं." आणि ती पाटी लाइव्ह संपेपर्यंत मागच्या कपाटाला टेकून दिसत राहायची.

मग ती रोटी मेकरची कंपनी आली. विजेवर चालणारं ते यंत्र, पिठाचा गोळा ठेवायचा, झाकण दाबायचं, पोळी तयार. कंपनीकडून एका तरुणाचा फोन आला. बोलायला फार गोड. कमिशन नेहमीपेक्षा दुप्पट आणि दिवाळीच्या आधी व्हिडिओ. फक्त एक अट. सुरुवातीचं ते वाक्य नको.

"ते शेवटी घ्या मॅडम, छोटंसं. किंवा खाली लिहा. सुरुवातीलाच ऐकलं की लोक पुढे बघत नाहीत."

अक्का म्हणाल्या, "जे ऐकून पुढं बगत न्हाईत, त्यांना बगायचं नसंल. जाऊ द्या की." आणि फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला वेगळा फोन केला. म्हणाला, व्हिडिओ चांगला चालला तर वर्षाचा करार करू, आणि चॅनेलचं सगळं काम तुम्ही पूर्ण वेळ बघा, तुम्हाला वेगळं मानधन. मी तेव्हा क्लासच्या कामाला कंटाळले होते. स्वतःचं काही करायचं, हे माझ्या डोक्यात दिवसरात्र होतं. अक्कांनी यंत्र आठ दिवस वापरलं, उकळत्या पाण्यात पीठ मळून ज्वारीची भाकरीही काढून दाखवली, आणि नेहमीप्रमाणे पहिलं बोलणं बोलून व्हिडिओ पूर्ण केला. कापायला मी बसले. ते बोलणं बारा सेकंदांचं होतं. मी ते काढलं आणि अगदी खाली, सगळ्या लिंकच्या नंतर, इंग्रजीत एक ओळ टाकली. अक्का स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नसत. "आरशात बगतेच की रोज," म्हणायच्या.

व्हिडिओ धावला. आमचा कुठलाच व्हिडिओ तोवर असा धावला नव्हता. आणि मला लाज वाटली नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे. मला आनंद झाला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता.

त्या शनिवारी दुपारी आम्ही खाली जेवत होतो. अक्कांच्या फोनवर भोकरहून एका बाईचा फोन आला. चॅनेलवर त्यांचाच नंबर होता, आणि त्या फोन उचलताना आवाज मोठा करून ठेवत. बाईचं नाव सुमन. तिने सांगितलं, तिने दोन रोटी मेकर घेतले होते. एका वसतिगृहाला रोज सकाळी साठ भाकरी द्यायचं काम तिला मिळालं होतं आणि सोमवारपासून ते सुरू व्हायचं होतं. पण यंत्र दहा भाकरींनंतर तापून बंद पडत होतं.

अक्का म्हणाल्या, "बाई, ते घरच्या चार माणसांसाठी हाय. साठ भाकरीला कशाला घेतलंस? मी सुरुवातीलाच म्हणलं होतं की, माझा फायदा हाय, जरा चार ठिकाणी इचारून घे."

पलीकडून सुमन म्हणाली, "न्हाई अक्का. तुमी दर डावाला म्हणता, या डावाला म्हणलंच न्हाईत. म्हणून तर मला वाटलं, अक्का हे फायद्याबिगर, मनापासून सांगून राहिल्यात. म्हणून एक घेणार होते ते दोन घेतले."

माझा घास हातातच राहिला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "लाव तो व्हिडिओ." मी लावला. पहिलंच वाक्य यंत्राचं होतं. त्यांनी तिथेच थांबवायला सांगितलं.

"खाली लिहिलं आहे, अक्का," मी म्हणाले.

"वाचून दाव."

मी वाचलं. इंग्रजीतली ती ओळ त्यांना कळली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या जे बोलले ते मलाच वाचता येत न्हाई." मग ताट उचलून मोरीत ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी. भोकरला जायचं. साठ भाकरी हायत."

रविवारी आम्ही नांदेडला गाडी बदलून भोकरला पोचलो. वाटभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण अर्धापूरला केळी घेतली तेव्हा दोन मला दिली. सुमनचं घर बाजाराच्या मागे होतं. ती तिशीची असेल, सडपातळ, डोळ्यांत झोप नाही. तिला वाटलं होतं अक्का फोनवर सॉरी म्हणतील फार तर. प्रत्यक्ष दारात बघून ती आत पाणी आणायला गेली ती तांब्या विसरूनच परत आली.

अक्कांनी संध्याकाळपर्यंत ती दोन यंत्रं लावून बघितली. सुमनचं घड्याळ समोर ठेवलं. एकावर सहा भाकरी, मग ते बंद, दुसऱ्यावर सहा, तोवर पहिलं थंड. पीठ उकळत्या पाण्यात, आणि गोळे ओल्या फडक्याखाली. "तरीबी साठ व्हायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "तीस मशीनवर, तीस हातावर. तव्याला कोन कोन हाय?" सुमनने शेजारच्या दोघींना हाक मारली.

सोमवारी पहाटे साडेचारला आम्ही पाच जणी त्या स्वयंपाकघरात होतो. अक्का मधोमध बसून हुकूम सोडत होत्या, "डावीकडचं बंद कर. उजवीकडं लाव. अर्चना, तू मोज." एकीकडे थापण्याचा आवाज, एकीकडे यंत्राची वाफ, दाराशी सातला जाणारा वसतिगृहाचा डबा. मला भाकरी थापता येत नाही, मी फक्त मोजत होते. पन्नास. बावन्न. वीज एकदा क्षणभर गेली तेव्हा थापणारे हात थांबले, पण ती लगेच परत आली. सात वाजायला पाच मिनिटं असताना साठावी भाकरी डब्यात पडली. सुमन डब्याचं झाकण लावून रडायलाच लागली, आणि शेजारणी तिला हसायला लागल्या.

डबा गेला. अक्कांनी हात धुतले, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "लाइव्ह लाव."

"आता?"

"मंग कवा?"

पाटी लातूरला राहिली होती. त्यांनी यंत्राचा पुठ्ठ्याचा खोका फाडला, सुमनच्या मुलीच्या पेनाने त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मागे टेकवला. मी फोन धरला. त्या नेहमीचं बोलणं बोलल्या. मग म्हणाल्या, "हे बोलणं मागच्या व्हिडिओत न्हाई. म्या बोलले होते, पण आमच्या घरात ते कापलं गेलं. तुमच्यातल्या ज्यांनी ते न ऐकता मशीन घेतलं, त्यांना मी फसवलं. मशीन वाईट न्हाई. चार माणसांना चांगलं हाय. साठांना न्हाई. अन् त्याच्यावर मला दुप्पट कमिशन होतं."

बघणाऱ्यांचा आकडा भराभर चढत होता. खाली लोक लिहीत होते, कुणी कापलं, नाव सांगा. अक्का स्वतःच्या मोबाइलवर ते वाचत होत्या, मला दिसत होतं. त्यांनी एकदाही कॅमेऱ्याच्या या बाजूला, माझ्याकडे पाहिलं नाही. "आमच्या घरात," एवढंच त्यांनी परत सांगितलं.

माझ्या हातातच फोन होता. मी तो उलटा फिरवला. इतक्या दिवसांत माझा चेहरा चॅनेलवर कधीच आला नव्हता. मी म्हणाले, "मी अर्चना. व्हिडिओ मी कापते. ते बोलणं मी कापलं. कंपनीने मला काम देऊ केलं होतं म्हणून." मी फोन परत अक्कांकडे फिरवला. त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि लगेच म्हणाल्या, "चला, आता भाकरीचं पीठ कसं मळायचं ते सुमन दावंल."

कंपनीच्या तरुणाचे फोन नांदेडपर्यंत येत राहिले. नंतर त्याने आमची लिंकच बंद केली. अक्कांनी दोनपैकी एक यंत्र स्वतःच्या पैशाने परत घेतलं, कारण सुमनला मुळात एकच घ्यायचं होतं आणि बाकीच्या भाकरी आता शेजारणी हातावर थापणार होत्या. ते मांडीवर घेऊन त्या बसमध्ये खिडकीशी बसल्या.

"अक्का, राग आहे का अजून?" मी विचारलं.

"हाय. उतरंल. तिकीट काढ."

पुढे काही आठवडे ऑर्डरी आटल्या. मग एक गंमत व्हायला लागली. दुकानदार आम्हाला वस्तू पाठवायच्या आधी विचारू लागले, "तुम्ही ती साठ भाकरीवाली परीक्षा घेता का?" लोकांना आता वस्तू कुठे चालेल तेही ऐकायचं होतं आणि कुठे चालणार नाही तेही. वर्षभरात मी क्लास सोडला. त्या राजीनाम्यावर अक्कांनी सही केल्यासारखा कुंकवाचा ठिपका लावला. आम्ही किल्लारीपासून माहूरपर्यंत बायकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन व्हिडिओ केले. अक्का प्रत्येक घरात शिरताना लहान मुलीसारख्या उतावीळ असायच्या, कारण त्यांना कुणाचं तरी नवं पातेलं वाजवून बघायचं असायचं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. मी चॅनेलवर एवढंच टाकलं की अक्का गेल्या, उदगीरला अमुक दिवशी त्यांच्या दिवसांचं, गणाराधनेचं जेवण आहे. नातेवाईक पन्नास-साठ येतील असा अंदाज होता. दहा वाजल्यापासून जीपा यायला लागल्या. औशाच्या बायका, देगलूरच्या, निलंग्याच्या. कुणी घरचा डबा आणला होता, कुणी हातातली कामं टाकून नुसतीच आली होती. भोकरहून सुमन आली होती, तिच्या दोन्ही शेजारणींसह. आता ती दोन वसतिगृहांना भाकरी देते.

अक्कांचे जावई दारात उभे होते. एवढ्या अनोळखी बायका बघून ते गोंधळले. त्यांनी सुमनला विचारलं, "तुम्ही आमच्या सासूबाईंच्या कोण? नात्यातल्या का?"

सुमनने पायातल्या चपला काढून बाजूला लावल्या आणि म्हणाली, "न्हाई जी. आमी गिऱ्हाईक."